इनफिल्ड फ्लाय, आउटफिल्डचे गवत आणि उशिरा सुचलेला प्रोटेस्ट

सहाव्या_क्रमांकावर (धागाकर्ती) · शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या हौशी साखळी स्पर्धेतील एका सामन्यात दिला गेलेला निर्णय आठवडाभर डोक्यातून जात नाही, म्हणून तो जाणकारांपुढे मांडत आहे.

सामना सॉफ्टबॉलचा, फास्टपिच प्रकारातला होता. सातवा डाव चालू होता, गुण समसमान होते, आमची फलंदाजी होती आणि एक जण बाद झाली होती. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमच्या रनर होत्या. आमच्या बॅटरने चेंडू उंच उडवला. प्रतिपक्षाची शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक) मागे सरकत आउटफिल्डच्या, म्हणजे बेसांपलीकडच्या भागाच्या, गवतावर चार-पाच पावले आत गेली, चेंडूखाली येऊन अगदी निवांत उभी राहिली, आणि चेंडू तिच्या पुढ्यात खाली पडला. झेल होणारच असे धरून आमच्या बॅटरने धावणे सोडून दिले होते आणि पहिल्या बेसवरची रनर बेसला चिकटून उभी होती. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला, तिथून तो पहिल्या बेसकडे गेला, दोघी बाद झाल्या आणि डाव संपला. पुढे टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो.

इनफिल्ड फ्लाय (हा पुकारला की झेल सुटला तरी बॅटर बाद धरतात, त्यामुळे रनरना पुढे धावणे भाग पडत नाही) का पुकारला नाही, असे विचारल्यावर पंच म्हणाले, "ती गवतावर गेली होती. गवतावर इनफिल्ड फ्लाय नसतो." आम्ही आपापसात चर्चा करून प्रोटेस्ट, म्हणजे निर्णयाविरुद्धची अधिकृत तक्रार, नोंदवायला गेलो, तोवर दोन्ही संघांनी जागा बदलल्या होत्या आणि आता उशीर झाला असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले.

माझे प्रश्न दोन आहेत. हा निर्णय नियमाला धरून होता का? आणि आमचा प्रोटेस्ट वेळेत गेला असता, तर तो मान्य होण्यासारखा होता का?

---

शंकासुर · रात्री ९:२४

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचे "तरीही नाही". पंचांच्या निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

---

मास्कमागून · रात्री १०:०२

मी बरीच वर्षे हौशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे या धाग्यावर मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलत आहे असे समजावे.

शंकासुर यांना जे शिकवले गेले ते अर्धेच आहे. चेंडू प्लेटवरून (बॅटरजवळच्या होम बेसवरून) गेला की नाही, रनर आधी पोहोचली की चेंडू, झेल सोपा होता की अवघड, हे सगळे पंचाच्या नजरेचे आणि अंदाजाचे प्रश्न आहेत, आणि त्यांवर प्रोटेस्ट चालत नाही हे बरोबर आहे. पण पंचाने नियमच चुकीचा समजून घेतला असेल किंवा चुकीचा लावला असेल, तर त्यावर प्रोटेस्ट करता येतो. प्रोटेस्टची तरतूद मुख्यतः त्यासाठीच आहे.

आता इनफिल्ड फ्लायचा नियम पाहू. दोनपेक्षा कमी जण बाद असावेत, पहिला आणि दुसरा असे दोन किंवा तिन्ही बेस भरलेले असावेत, आणि फेअर हद्दीत (दोन फाउल रेषांच्या आत) उंच उडालेला चेंडू एखाद्या इनफिल्डरला (बेसांच्या आसपासच्या क्षेत्ररक्षकाला) सामान्य प्रयत्नांत झेलता येण्याजोगा असावा. लाइन ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका) आणि बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवण्याचा) प्रयत्न यांना हा नियम लागू होत नाही. या व्याख्येत गवताचा उल्लेख कोठेही नाही. शॉर्टस्टॉप मागे जाऊन गवतावर सहज उभी राहू शकत असेल, तर तो इनफिल्ड फ्लायच आहे.

त्यामुळे सगळे प्रकरण पंचांच्या तोंडच्या एका वाक्यावर येते. "तिला तो सहज झेलता आला नसता असे मला वाटले," असे ते म्हणाले असते, तर विषय तिथेच संपला असता, मग आपल्याला ते कितीही पटो वा न पटो. "गवतावर इनफिल्ड फ्लाय नसतो," असे ते म्हणाले असतील, तर ती नियमाची चूक आहे आणि तिच्यावर प्रोटेस्ट करायला पूर्ण जागा होती. मात्र तो पुढचा पिच (पिचरने टाकलेला चेंडू) पडण्याआधी नोंदवावा लागतो. आणि डाव त्याच खेळीवर संपला असेल, तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या सर्व इनफिल्डर फेअर हद्दीबाहेर जाण्याआधी. आपण आपापसात चर्चा केलीत ती नेमकी याच वेळात.

नेमके शब्द हेच होते का, एवढे मात्र आपण आठवून सांगावे.

---

सहाव्या_क्रमांकावर · रात्री १०:१५

शब्द हेच होते, त्याबद्दल मला खात्री आहे. आमच्या तिघींनी ते ऐकले.

---

शंकासुर · रात्री १०:३१

मास्कमागून, आपला प्रतिसाद वाचून माझे समाधान झाले, पण शंका वाढली. आपण सांगता त्याप्रमाणे असेल, तर शहाण्या पंचाने तोंड न उघडणे किंवा प्रत्येक वेळी "मला तसे दिसले" एवढेच म्हणणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. नियम ठाऊक नसलेला पण गप्प बसणारा पंच सुटतो आणि प्रामाणिकपणे कारण सांगणारा अडकतो. हे कसले शास्त्र?

---

मास्कमागून · रात्री ११:०५

आपली टीका रास्त आहे आणि तिला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एक प्रसंग मात्र सांगतो.

पंच म्हणून माझे ते दुसरे वर्ष असावे. बॅटरने आत आलेल्या चेंडूवर बॅट फिरवली आणि चेंडू तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर आदळला. ती कळवळून खाली बसली, हातमोजा काढून बोटे झटकू लागली, आणि मी तिला पहिला बेस दिला. प्रतिपक्षाचे प्रशिक्षक शांतपणे चालत आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिने बॅट फिरवली होती असे आपल्याला दिसले का?" मी म्हणालो, "हो, पण चेंडू हाताला लागला ना." त्यांनी तिथेच प्रोटेस्ट नोंदवला आणि तो मान्य झाला, कारण बॅट फिरवताना चेंडू अंगाला लागला तर चेंडू डेड होतो (खेळ तिथेच थांबतो) आणि बॅटरवर स्ट्राइक लागतो. वस्तुस्थिती मीच कबूल केली होती, चुकला होता तो नियम. त्या प्रशिक्षकांनी आरडाओरडा केला असता, तर मीही आवाज चढवून "माझा निर्णय अंतिम" असे म्हणून मोकळा झालो असतो. ते एका प्रश्नावर थांबले, आणि मला खरे उत्तर द्यावे लागले.

---

उजवीकडे_वळा · रात्री ११:२०

आमच्या संघात अजून निम्मे लोक "हात हा बॅटचाच भाग असतो" असे छातीठोकपणे सांगतात. हा समज इतका चिवट आहे की हातावर चेंडू बसलेला माणूससुद्धा फाउल समजून पुन्हा बॅट घेऊन उभा राहतो. त्याच्याच जोडीला दुसरा समज असा की पहिला बेस ओलांडून गेल्यावर डावीकडे वळलात की टॅग करून (चेंडू अंगाला लावून) बाद करता येते. वळणे कोणत्याही बाजूला असो, दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला का, एवढेच पाहायचे असते. माझे सदस्यनाम याच गैरसमजाची आठवण म्हणून घेतले आहे, कारण पहिली तीन वर्षे मी प्रत्येक वेळी इमानेइतबारे उजवीकडेच वळत होतो.

---

जुना_कॅचर · रविवार, सकाळी ७:४०

इनफिल्ड फ्लाय वर्षातून दोनदा वादाचा विषय होतो. ऑब्स्ट्रक्शन (क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवणे) दर रविवारी होतो. धागाकर्तीची क्षमा मागून थोडे त्यावर लिहितो, कारण "नजर की नियम" हा मास्कमागून यांनी मांडलेला भेद तिथे फार स्पष्ट दिसतो.

मी कॅचर म्हणून खेळायला लागलो, तेव्हा आम्हाला शिकवले होते की चेंडू येत असेल तर डावा पाय तिसऱ्या बेसच्या रेषेवर आडवा टाकून प्लेट झाकायची. शिनगार्ड रनरच्या बाजूला असतो, त्यामुळे आपल्याला लागत नाही आणि त्याला लागते. त्या काळच्या नियमांत "चेंडू हातात असलेला किंवा येऊ घातलेला चेंडू घेणारा क्षेत्ररक्षक" अशी सवलत होती, म्हणून ते चालून जाई. "येऊ घातलेला" म्हणजे किती जवळ, यावरच वाद होत असे. पुढे अनेक नियमपुस्तकांनी ही सवलत काढून टाकली. आता चेंडू हातात नसताना, आणि फटकावलेला चेंडू अडवायला आपण जात नसताना, रनरच्या वाटेत आलो की ऑब्स्ट्रक्शन होते. धडक झालीच पाहिजे असेही नाही. रनरला वेग कमी करावा लागला किंवा वळसा घ्यावा लागला, तरी पुरते.

माझ्या वयाचे लोक हे मान्यच करत नाहीत. मागच्या मोसमात आमच्याच कॅचरने जुन्या पद्धतीने पाय टाकला, पंचांनी डावा हात आडवा करून मूठ वळली (ही ऑब्स्ट्रक्शनची खूण), खेळ पुढे चालू राहिला, रनरला आम्ही प्लेटपाशी टॅग केले, आम्ही जल्लोष केला, आणि मग पंचांनी तिला धाव दिली. आमचा संपूर्ण संघ "टॅग आधी झाला" असे ओरडत होता. टॅग आधी झाला यात शंकाच नव्हती, पण तो मुद्दाच नव्हता. ती मूठ कोणी पाहिलीच नव्हती. ऑब्स्ट्रक्शनला चेंडू लगेच डेड होत नाही, खेळ संपल्यावर हिशेब होतो, आणि ज्या दोन बेसांच्या मध्ये अडवले गेले तिथे रनरला, काही अपवाद सोडले तर, बाद करता येत नाही.

---

शंकासुर · सकाळी ८:०५

आणि रनरने क्षेत्ररक्षकाला अडवले तर?

---

जुना_कॅचर · सकाळी ८:३०

तो इंटरफिअरन्स, आणि तिथे चेंडू ताबडतोब डेड होऊन रनर बाद होतो. क्षेत्ररक्षक फटकावलेला चेंडू अडवत असताना रनर आड आला, तर त्याचा हेतू काय होता हे पाहायचे नसते. "मी मुद्दाम केले नाही" हा बचाव तिथे चालत नाही. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र तो मुद्दाम आड आला का, हे पाहतात. फटकावलेल्या चेंडूवर वाट क्षेत्ररक्षकाची, आणि चेंडू हातात नसलेल्या एरवीच्या वेळी वाट रनरची, एवढे लक्षात ठेवले की बहुतेक भांडणे सुटतात. तरी ती होतातच, ही गोष्ट वेगळी.

---

नारिंगी_बेस · सकाळी ९:१२

पहिल्या बेसवरच्या दुहेरी बेसबद्दलही हेच म्हणता येईल. पांढरा अर्धा भाग फेअर हद्दीत असतो, नारिंगी अर्धा फाउल हद्दीत. चेंडू पांढऱ्याला लागला तर फेअर, फक्त नारिंगीला लागला तर फाउल. पहिल्या बेसवर खेळ होत असेल, तर बॅटरने धावत येताना नारिंगीवर पाय टाकायचा आणि क्षेत्ररक्षकाने पांढऱ्यावर. बॅटरने त्या वेळी फक्त पांढऱ्यावर पाय टाकला, तर तो बेस चुकल्यासारखे धरले जाते. पण ती बेसवर परतण्याआधी प्रतिपक्षाने अपील केले तरच. अपील केले नाही, तर पंच गप्प राहतात आणि तसेच त्यांनी राहायचे असते. "पंचांना दिसले, तरी त्यांनी बाद दिले नाही" अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना सांगावे लागते की मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या गोष्टी या खेळात बऱ्याच आहेत: चुकलेला बेस, झेल होण्याआधी सोडलेला बेस, चुकीच्या क्रमाने आलेली बॅटर. पुढचा पिच पडला की तो हक्क गेला.

---

स्लोपिच_प्रेमी · सकाळी ९:४०

आपल्या फास्टपिचवाल्यांचे दुःख वाचून सहानुभूती वाटली. आमच्या साखळीत पिचरने सोडलेल्या चेंडूची कमान जमिनीपासून ६ फुटांपेक्षा उंच आणि १२ फुटांपेक्षा कमी असावी लागते, आणि हे मोजण्याचे एकमेव साधन म्हणजे पंचांची मान. सामना संपेपर्यंत ती दुखू लागते, तेव्हा शेवटच्या डावात १३ फूटही चालून जातात.

---

उजवीकडे_वळा · सकाळी ९:५८

बरोबरी झाली तर रनर सेफ, या समजाबद्दलही कोणी तरी लिहावे. "टाय गोज टू द रनर" हे वाक्य आमच्या मैदानावर नियमपुस्तकापेक्षा जास्त वेळा उद्धृत होते.

---

मास्कमागून · सकाळी ११:१५

हे वाक्य नियमपुस्तकात नाही. पुस्तकात एवढेच आहे की रनर बेसवर पोहोचण्याआधी चेंडू ताब्यात ठेवून बेसला स्पर्श झाला, तर ती बाद. "आधी" या शब्दावर बोट ठेवून कोणी म्हणेल की दोन्ही एकाच क्षणी झाले तर आधी झाले नाही, म्हणून ती सेफ; आणि वाचनापुरते ते चुकीचे नाही. आम्ही पंच मात्र बरोबरी असे काही मानत नाही, कारण काय आधी झाले ते सांगण्यासाठीच आम्हाला उभे केलेले असते.

ते कसे सांगतो, याबद्दल लोकांना कुतूहल असते. डोळा बेसवर आणि रनरच्या पायावर ठेवायचा, आणि चेंडू मिटमध्ये बसल्याचा आवाज कानाने पकडायचा. दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. आता गंमत पाहा. पंच एकटाच असेल आणि प्लेटपासून फारसा हललेला नसेल, तर पहिला बेस त्याच्यापासून सुमारे १८ मीटर दूर राहतो. एवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा साधारण विसावा भाग लागतो. तेवढ्यात वेगाने धावणारी रनर सुमारे ३५ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे बेसच्या जवळजवळ एका रुंदीइतकी. पाय लगेच दिसतो, आवाज उशिरा येतो, म्हणून लांब राहिलेला पंच नकळत रनरच्या बाजूने झुकतो. आम्हाला प्लेटमागून पुढे पळत या असे शिकवतात, त्याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते. वयानुसार आमचे पळणे कमी होते आणि रनरचे नशीब सुधारत जाते.

---

शंकासुर · सकाळी ११:३२

इतक्या वर्षांत पंचांच्या वयाचा असा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता. पुढच्या सामन्यापासून पंचांची वये बघूनच बंट करायचा की नाही ते ठरवतो.

---

नारिंगी_बेस · दुपारी १२:४५

दुसऱ्या पंचांनी पहिल्या पंचांचा निर्णय बदलायला हवा होता, असेही अनेकदा ऐकू येते, म्हणून एक जोड देतो. एका पंचाला दुसऱ्याचा निर्णय परस्पर रद्द करता येत नाही. ज्याने निर्णय दिला त्याने विचारले, तर दुसरा आपल्याला काय दिसले ते सांगतो, आणि बदलायचे की नाही हे मूळ पंचच ठरवतो. म्हणून "तुमचे चुकले" असे म्हणण्यापेक्षा "आपल्या सहकाऱ्याला विचारता का?" असे म्हणणे फायद्याचे असते. बेसबॉलमध्ये २०१० साली जिम जॉइस यांनी नवव्या डावात दोन बाद असताना पहिल्या बेसवर दिलेल्या 'सेफ' निर्णयामुळे पिचर आर्मांडो गलारागा याचा परफेक्ट गेम (प्रतिपक्षाच्या एकालाही बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना) हुकला. सामन्यानंतर चित्रण पाहून त्यांनी आपली चूक उघडपणे कबूल केली. तो निव्वळ नजरेचा निर्णय होता. कोणत्याही प्रोटेस्टने तो बदलला नसता आणि बदललाही नाही.

---

वाचनमात्र · दुपारी २:२०

मी सहसा लिहीत नाही, पण धाग्यातले पहिले निवेदन तीन वेळा वाचले आणि एक गोष्ट खटकली. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर होत्या असे धागाकर्ती म्हणतात. पहिल्या बेसवरच्या रनरचे काय झाले ते सांगितले आहे, बॅटरचे काय झाले तेही सांगितले आहे. चेंडू दुसऱ्या बेसवर गेला तेव्हा दुसऱ्या बेसवरची रनर कुठे होती? ती संपूर्ण कथेत पुन्हा येतच नाही.

---

मास्कमागून · दुपारी २:३३

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. धागाकर्तींनी उत्तर दिल्याशिवाय आता पुढे बोलणे योग्य नाही.

---

सहाव्या_क्रमांकावर · सायंकाळी ६:५०

वाचनमात्र यांच्या प्रश्नाने मी खरोखर गोंधळले, म्हणून आमच्या संघाची नोंदवही सांभाळणाऱ्या मैत्रिणीला इथे सदस्य व्हायला लावले आहे. ती स्वतःच लिहील.

त्याआधी मलाही एक कबुली द्यायची आहे. "आमची बॅटर" असे मी पहिल्या निवेदनात लिहिले, ती बॅटर मीच. चेंडू वर गेल्यावर मी बॅट आपटून चार पावले चालत गेले, धावले नाही. माझे डोळे फक्त चेंडूकडे होते.

---

नोंदवहीवाली · सायंकाळी ७:१५

नमस्कार. वही समोर ठेवून लिहीत आहे. सातव्या डावात एक बाद असताना पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर होत्या हे खरे आहे, पण तो या बॅटरच्या खेळीचा आरंभ होता. तिसरा पिच कॅचरच्या हातून निसटून बाजूला गेला. त्यावर दुसऱ्या बेसवरची रनर तिसऱ्या बेसवर गेली आणि पहिल्या बेसवरची तिथेच राहिली. माझ्या चौकोनात त्या जागी बाण काढून 'पीबी' (पास्ड बॉल, म्हणजे कॅचरच्या हातून निसटलेला पिच) लिहिलेले आहे. उंच उडालेला चेंडू हा चौथा पिच होता. म्हणजे त्या क्षणी पहिला आणि तिसरा बेस भरलेला होता, दुसरा रिकामा होता. तिसऱ्या बेसवरची रनर चेंडू खाली पडला तेव्हा बेसवर पाय ठेवून उभी होती आणि तिथेच राहिली.

---

शंकासुर · सायंकाळी ७:१८

पहिला आणि तिसरा! म्हणजे मुळात इनफिल्ड फ्लायच नव्हता.

---

मास्कमागून · सायंकाळी ७:५५

नव्हता. दुसरा बेस रिकामा असताना हा नियम लागू होत नाही. आता मजेशीर पेच असा तयार होतो की पंचांचा निर्णय बरोबर होता आणि त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते. प्रोटेस्ट वेळेत गेला असता, तरी माझ्या मते तो फेटाळला गेला असता, कारण योग्य नियम लावला तरी निकाल तोच राहतो. तेव्हा पहिल्याच दिवशी मी ज्या ठामपणे आपल्याला अर्धा सामना जिंकून दिला, तो परत घेतो.

पण प्रकरण इथे संपत नाही. त्या स्थितीत लागू होणारा दुसरा एक नियम आहे, आणि त्याचे नाव या धाग्यावर अजून कोणी घेतलेले नाही. पहिल्या बेसवर रनर असताना, दोनपेक्षा कमी बाद असताना, सहज झेलता येण्याजोगा चेंडू इनफिल्डरने मुद्दाम पाडला, तर चेंडू डेड होतो, बॅटर बाद होते आणि रनर आपापल्या बेसवर परततात. तिसऱ्या बेसवर कोणी असो वा नसो. हा नियम लावला असता, तर आपण एकट्याच बाद झाला असता आणि दोन बाद, पहिल्या व तिसऱ्या बेसवर रनर अशा स्थितीत डाव पुढे चालू राहिला असता.

मात्र त्यासाठी चेंडू हाताला किंवा ग्लोव्हला लागून खाली जायला हवा. ग्लोव्ह बाजूला घेऊन चेंडू तसाच जमिनीवर पडू दिला, तर ते मुद्दाम पाडणे धरले जात नाही. ती चलाखी आहे आणि नियमात बसते. "चेंडू तिच्या पुढ्यात खाली पडला," असे आपण लिहिले आहे. तो ग्लोव्हला लागला होता का?

---

सहाव्या_क्रमांकावर · रात्री ८:२०

लागला होता. निदान मला तसे वाटते. ग्लोव्ह वर होता, मग तो खाली आला आणि चेंडू त्याच्यासोबत खाली आला. पण मी पहिल्या बेसच्या रेषेवर, बॅट टाकलेल्या जागेच्या चार पावले पुढे होते, आणि आत्ताच सिद्ध झाले की मला बेसवर कोण होते हेही धड आठवत नव्हते.

---

नोंदवहीवाली · रात्री ८:३४

तिसऱ्या बेसवर जी उभी होती तिला आत्ता फोन करून विचारले. ती त्या शॉर्टस्टॉपच्या सर्वांत जवळ होती. तिच्या म्हणण्यानुसार ग्लोव्ह शेवटच्या क्षणी छातीपाशी ओढून घेतला गेला, चेंडू गवतावर पडून गुडघ्याइतका उसळला, आणि मगच तिने तो उचलला. ग्लोव्हला लागल्याचा आवाज आला नाही, असे ती म्हणते. पहिल्या बेसजवळ उभ्या असलेल्या आमच्या प्रशिक्षक मात्र चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागला, असे शपथेवर सांगायला तयार आहेत.

---

जुना_कॅचर · रात्री ८:५०

गुडघ्याइतका उसळला असेल, तर ग्लोव्हला लागलेला नसावा. ग्लोव्हमधून सांडलेला चेंडू गवतावर मेल्यासारखा पडतो. हजार वेळा सांडला आहे, अनुभवाने सांगतो.

---

शंकासुर · रात्री ८:५८

ग्लोव्हच्या अगदी टोकाला निसटता लागला, तर तोही उसळू शकतो.

---

मास्कमागून · रात्री ९:२५

त्या दिवशी पंच किती होते?

---

सहाव्या_क्रमांकावर · रात्री ९:३१

एकच. दुसरे आले नाहीत, म्हणून एकट्यांनीच सामना घेतला. चेंडू वर गेला तेव्हा ते मास्क काढून प्लेटच्या पुढे दोन-तीन पावले आले होते.

---

मास्कमागून · रात्री ९:५२

प्लेटपासून दुसरा बेस साधारण २६ मीटरवर असतो. शॉर्टस्टॉप त्याच्याही मागे, गवतावर. चेंडू चामड्याला घासला की नाही, हे तिथून मला दिसले नसते. विचारले असते, तर "लागल्याचे दिसले नाही" असे म्हणून मी दोघींनाही बाद ठेवले असते, आणि त्यावर आपल्याला प्रोटेस्ट करता आला नसता.

आणि त्या पंचांना ग्लोव्हबद्दल तुमच्यापैकी कोणी विचारले का?

---

सहाव्या_क्रमांकावर · रात्री १०:०४

नाही. आम्ही सगळ्या जणी गवताबद्दलच भांडत होतो.